मोकळेपणानं बोला

विषय क्रमांक सहा वाचून व्हायच्या आतच मांडवातून आरोळी उठली, "मंजूर! मंजूर!" दूध संघाच्या वार्षिक सभेची ही जुनीच रीत. शेवटच्या रांगेत बसलेल्या शकुंतला थोपटेंनी नाकाला पदर लावला. पनीर करून उरलेलं पाणी संघ शेजारच्या ओढ्यात सोडायचा, आणि त्याचा आंबट कुबट वास मांडवभर भरून राहिला होता.

तीन वर्षांपूर्वी याच सभेत त्या उठून म्हणाल्या होत्या, "हे पाणी ओतून कशाला देता? मीठ-जिरं घालून पिशवीत विका. मी घरी करून बघितलंय." अध्यक्ष हसले होते. "वहिनी, तुम्ही घर सांभाळा, संघ आम्ही सांभाळतो." लगेच माईक बंद झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याच दुधाची फॅट कमी लागू लागली, आणि दरही कमी मिळू लागला. गाव काय समजायचं ते समजलं. त्यानंतर सभेत तोंडं उघडली ती फक्त 'मंजूर' म्हणायला.

आज अध्यक्षांनी शेजारच्या तालुक्यातल्या संघाची एक पिशवी उंच धरली. "हे बघा, पनीरच्या पाण्याचं सरबत! धडाक्यात खपतंय. आपल्या लोकांच्या डोक्यात असलं काही का येत नाही? बोला की, मोकळेपणानं बोला! आहे का कुणाकडं नवी कल्पना?"

"मंजूर! मंजूर!" अख्खा मांडव दणाणला.

नाकावरचा पदर शकुंतलाबाईंनी खाली ओढून तोंडावर घट्ट दाबला. आत्ताच्या त्या आरोळीत त्यांचाही आवाज होता.