बारावा महिना

फेलिमच्या घरचे मर्व्हिनचं कुरण दर वर्षी अकरा महिन्यांच्या बोलीवर घेत आले होते. कूळ लागू नये म्हणून बाराव्या महिन्यात गुरं बाहेर, फाटक बंद, आत पाऊलही टाकायचं नाही. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने हीच जमीन फेलिमच्या आयरिश पूर्वजांकडून काढून स्कॉटलंडहून आणलेल्या मर्व्हिनच्या पूर्वजांना दिली होती.

"आता तरी हे कुरण विकून टाक मला," फेलिम कुंपणाला टेकून म्हणाला. "तुझ्यामागे आहे कोण?"

"विकलं असतं रे. पण कॅथलिकाला जमीन दिली म्हटल्यावर मला खांदा द्यायला आमच्या प्रॉटेस्टंटांतलं कोण येईल?"

वाद घालायचं वय दोघांचंही सरलं होतं.

डिसेंबरात मर्व्हिन गेला. त्याच्यातले आले ते चार-पाच म्हातारे, काठ्या टेकत. शेवटी फेलिमने आणि त्याच्या तिन्ही मुलांनी शवपेटी खांद्यावर घेतली. चर्च कुरणापलीकडे, समोरच दिसत होतं.

"आतूनच जाऊ या ना, बाबा," थोरला म्हणाला.

"बारावा महिना चालू आहे," फेलिम म्हणाला, आणि लांबच्या रस्त्याला वळला.