नव्या कायद्यानंतरची पहिली ग्रामसभा

"साहेब, तुमाला बाहेर बसावं लागंल," ग्रामसेवक सोमेश खाली बघत म्हणाला, आणि खुर्चीवर टेकता टेकता शिवशंकर अर्ध्यातच थांबला.

ग्रामपंचायतीची ती मोठी खुर्ची त्याच्या अंगाला बसली होती. निवडून आली होती त्याची बायको, सृष्टी. पण गाव 'सरपंचसाहेब' म्हणून हाक मारायचं ते शिवशंकरला. सृष्टीपर्यंत फक्त सह्या यायच्या. भाकरी थापता थापता पिठाचे हात पुसून ती सही करायची आणि पुन्हा तव्याकडं वळायची.

आता मुंबईत नवा कायदा झाला होता. निवडून आलेल्या बाईच्या जागी नवरा, दीर, सासरा, कुणीही कारभार करताना दिसला की बाईचं पदच जाणार.

शिवशंकरनं तिथंच उभ्या उभ्या आमदारांना फोन लावला. सगळ्या सभेला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर लावला.

"साहेब, असल्या कायद्याला तुमी हात वर केलाच कसा?"

"समद्यांनी केला म्हणून मी केला की रे," आमदार कळवळून म्हणाले. "वाचला होता कुणी? माझी बायको नगराध्यक्ष हाय. मीच सकाळधरनं घरी बसून हाय, बाबा!"

सभेत खसखस पिकली. बायका तर पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. शिवशंकरनं फोन खिशात टाकला, पायात चपला सरकवल्या आणि तो बाहेर जाऊन खिडकीपाशी उभा राहिला.

बायकांत बसलेली सृष्टी उठून खुर्चीवर बसली. खुर्ची उंच होती, पाय जमिनीला नीट टेकेनात.

पहिला उठला वरच्या आळीचा रामकिशन. "आमच्या दारातली नाली तुंबलीय," तो म्हणाला, पण बघत होता खिडकीकडं. "साहेब, कवा काढताव?"

"काढू, काढू," खिडकीतून उत्तर आलं.

सोमेश कासावीस झाला. "साहेब, हे बी कारभारातच धरतील हो!"

सृष्टी उठली. खिडकीपाशी गेली. नवऱ्याच्या तोंडासमोर तिनं खिडकीची दोन्ही दारं ओढली आणि कडी लावली. मग आपल्याच हाताकडं बघत राहिली. हे आपण केलं?

माणसं बंद खिडकीकडं बघत राहिली. तक्रारी तर होत्या, पण आता बोलायचं कुणाशी?

तेवढ्यात मागच्या बाजूनं सरजाबाई उठली. भीमनगरातली ही म्हातारी एकही ग्रामसभा चुकवत नसे. दर वेळी ती पाण्याचं बोलायची, दर वेळी शिवशंकर "बघू की, मावशी" म्हणून तिला खाली बसवायचा. आज ती माणसांतून वाट काढत थेट खुर्चीसमोर आली.

"ए सरपंच! लाज वाटती का तुला? तुमच्या आळीत नळ वाहून जातेत. गाड्या धुताव, अंगणं धुताव. अन् भीमनगरात आठ-आठ दिस थेंब न्हाई! मतं मागायला आलतीस तवा माझ्या घरी चहा पिलीस. त्या चहाचं पाणी मी शेतातल्या विहिरीवरून डोक्यावर आणलं होतं! कसली सरपंच गं तू?"

सृष्टीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सरजाबाईचा शब्द न् शब्द खरा होता.

आणि मग त्या तापलेल्या कानांत एकच शब्द घुमायला लागला. सरपंच. आजवर ती वैनी होती, सूनबाई होती. निवडून आली त्या दिवशीचा गुलालसुद्धा शिवशंकरलाच लागला होता. या हुद्द्यानं तिला पहिल्यांदा कुणी हाक मारली होती, आणि तीही अशी खणखणीत!

तिला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला, तरी खांदे हलायला लागले.

"हसतीस काय?" सरजाबाई अजूनच पेटली.

"न्हाई मावशी. बोला. अजून बोला." सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुमचं खरं हाय. चूक माझी हाय." ती सोमेशकडं वळली. "ठराव लिहा. उद्यापासून एक दिस वरच्या आळीला पाणी, एक दिस भीमनगरला. आमचं घर बी त्यातच आलं."

"अन् आमी काय करावं?" रामकिशन ओरडला.

"तुमी बी मला शिव्या द्या की! मावशीनं दिल्या, तुमी बी द्या!"

आता मात्र बायकांना आवरेना. हसता हसताच त्यांचे हात वर गेले. भीमनगरच्या बायकांचे गेले, मागोमाग वरच्या आळीच्या बायकांचेही. पुरुषांनी एकमेकांकडं पाहिलं आणि हळूहळू त्यांचेही हात वर आले. ठराव मंजूर झाला.

"पाणी न्हाई आलं तर दारात येऊन बोंबलीन," सरजाबाई म्हणाली. पण तिच्याही ओठांचा कोपरा हलला होता.

"या मावशी. पण माझ्याच नावानं बोंबला."

बाहेर शिवशंकरला बंद खिडकीतून नुसता आरडाओरडा ऐकू येत होता. कुणीतरी आपल्या बायकोची लाज काढली, एवढंच त्याला कळलं. तो दार ढकलून आत घुसला.

"कुणाची हिंमत झाली?" तो गरजला. "सरपंचाच्या बायकोला असं बोलताव?"

सृष्टीनं तोंडावरचा पदर काढला. खुर्चीत ताठ बसली.

"सरपंचाला बायको न्हाई हो," ती म्हणाली. "नवरा हाय. त्याला म्हणावं, जरा बाहेर बसा."