आतलं हँडल

ती जुनी छोटी गाडी नवऱ्याने स्वतःच्या हातांनी उभी केली होती. सीट भंगारातून आणल्या. लोंबकळणारा आरसा तारेने आवळला आणि बायकोला टोचू नये म्हणून तारेचं टोक आठवणीने आत वळवलं. फक्त तिच्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं. "सध्या हात तंग आहे गं, पुढच्या महिन्यात बघू," म्हणता म्हणता वर्ष सरलं.

तोवर दर वेळी तो उतरायचा, वळसा घालून यायचा आणि तिला दार उघडून द्यायचा. "नशीब काढलंस बाई!" शेजारीण म्हणायची. गाडीत भांडण झालं, की मात्र त्याचं बोलून संपेपर्यंत तो जागचा हलायचा नाही. ती काचेकडे तोंड करून मुकाट ऐकून घ्यायची. एकदा तर तब्बल दोन तास.

त्याच्या वाढदिवसाला त्याला चकित करायचं, म्हणून तिने घरखर्चातून थोडे पैसे बाजूला टाकले. तो कंपनीच्या बसने कामावर गेल्यावर तिने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने दाराचं आतलं कव्हर काढलं, बॅटरीचा उजेड मारून पाहिलं आणि तो हसला.

"ताई, पैसे राहू द्या. मोडलेलं काहीच नाही. हँडलची सळी कुणीतरी काढून बाजूला बांधून ठेवलीय."

ती वाकून बघू लागली.



सळी तारेने आवळलेली होती, आणि तारेचं टोक आठवणीने आत वळवलेलं होतं.