एक दिवस आधी

एक नोव्हेंबरच्या सकाळी एस्तेरबाई शेंद्र्याहून पहिल्या बसनं आल्या आणि मेणबत्त्यांचा पुडा घेऊन तडक कब्रस्तानात शिरल्या. फाटकाजवळच त्यांच्या मुलाची संगमरवरी कबर होती. तिथं न थांबता त्या पार भिंतीकडं, सुनेच्या मातीच्या कबरीपाशी गेल्या.

राखणदार याकोब धावत आला. "मावशी, दिवस चुकला तुमचा. मेलेल्यांच्या पापांची माफी मागायची ती उद्या. आज संतांचा सण हाय. अन् पोटच्या पोराला सोडून हिच्याकडं काय? नवऱ्याला टाकून गेली होती ही!"

"व्हय, गेली. दारू पिऊन मारायचा तो, तिलाबी अन् मलाबी. जाताना तिनं एका हातात पिशवी घेतली अन् दुसऱ्या हातानं मला धरलं. कंपनीत राबून बारा वर्षं जेवू घातलं सासूला."

एस्तेरबाईंनी काडी ओढून मेणबत्ती पेटवली आणि सुनेच्या उशाशी मातीत रोवली.

 

"दिवस चुकला नाय माझा, याकोब. पोरासाठी उद्या येते."