मिटलेले डोळे

भरदुपारी चित्रकार बाई खुर्चीवरून ताडकन उठली. मुलांच्या पुस्तकासाठी ती संगणकाला जोडलेल्या ड्रॉइंग टॅबलेटवर आई आणि बाळाचं चित्र काढत होती, आणि जरा पाणी प्यायला गेली की चित्रातल्या आईचे डोळे कुणीतरी मिटून ठेवत होतं. आज तिसऱ्यांदा तेच झालं होतं.

"माझ्या कामात लुडबुड करायची तुला गरजच काय?" ती नवऱ्यावर खेकसली.

"अगं, मला साधी सरळ रेघ ओढता येत नाही. मी कशाला हात लावू?" तोही चिडला.

"मग काय आपोआप मिटले?" तिने टॅबलेटचा पेन मुठीत धरून त्याच्या नाकासमोर नाचवला. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. संगणकाच्या पडद्यावर, चित्रातल्या बाळाच्या उघड्या डोळ्यावरून एक जाड रेघ सावकाश सरकत होती.

बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "आता काढून दाखव!" असं ओरडत तिने टॅबलेटवर तळहात दाणकन आपटला आणि सगळा जोर लावून दाबून धरला.

रेघ थांबली. नवऱ्याने सुस्कारा सोडला.

मग टॅबलेटच्या आतून तिच्या तळहाताला दुसऱ्याच एका पेनाचं टोक टेकलं आणि पुढे सरकू लागलं.