हलकी सॅक

खांदा कॉलनीतलं जोडपं, निकेश आणि समीक्षा, सह्याद्रीतून बारा दिवसांच्या पायी भटकंतीला निघालं. निघण्याआधी निकेशने एकेक वस्तू काट्यावर तोलली, टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली.

चौथ्या दिवशी समीक्षाचा गुडघा सुजला, पाय टेकवेना. "तू थांब, मी खालून माणसं पाठवतो," म्हणत त्याने तिला डोंगरातल्या वाडीत मालू नावाच्या बाईच्या घरी सोडलं. जाताना तिच्या सॅकमधला तंबू तेवढा काढून घेतला.

दोन दिवस कुणीच आलं नाही. शेवटी मालूचा नवरा पांडू आणि त्याच्या भावाने तिला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत उतरवलं. मालू पनवेलपर्यंत सोबत आली.

एसटी स्टँडवर समीक्षाने मोबाइल चालू केला. निकेशने पुढच्या किल्ल्यावरचा हसरा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'या वाटेने शिकवलेला सर्वांत मोठा धडा: जे ओझं पुढे नेता येत नाही, ते वेळीच मागे ठेवावं.'

समीक्षाचा चेहरा बघून मालूने विचारलं, "काय लिवलंय दादांनी?"

 

"माझ्याबद्दल लिहिलंय."