निळं बटण

प्रवाळाच्या फांद्या फक्त वरून पांढऱ्या पडल्या होत्या. ताईने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक माशांच्या टाकीच्या काचेला जवळजवळ टेकवलं. रोग असता तर पांढरेपणा कुठूनही पसरला असता, बुडातून, एखाद्या टोकातून, कसाही. इथे तसं नव्हतं. दिव्याकडची बाजू पांढरी होती आणि दगडाच्या सावलीतली अजून तपकिरी.

"उपाशी आहेत बिचारे," मागून धाकटा म्हणाला. "नवा दिवा कमी पडतोय."

तिचा हा धाकटा भाऊ आता साठीचा होता. घड्याळं दुरुस्त करायचा. टाकीवरचा जुना दिवा भट्टीसारखा तापायचा, म्हणून गेल्या महिन्यात त्याने घरीच एलईडीचा दिवा बनवला होता. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पांढरे आणि निळे बारीक दिवे बसवून एकेक तार जोडलेली. सोल्डरचे थेंब मोहरीएवढे, सगळे सारखे. ते काम डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त केलेलं असणार, हे ताईने ओळखलं. त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा आत जंतू गेले आणि तो डोळा कायमचा गेला. आता डाव्यातही मोतीबिंदू होता. त्याचा विषय काढला की धाकटा म्हणायचा, "पिकू दे, मग बघू."

"कमी नाही, जास्त होतोय उजेड," ताई म्हणाली. "भाजलेत ते. भर उन्हात झोपल्यासारखे."

"लोकांची लघवी तपासण्यात जन्म गेला तुझा. प्रवाळाचं मला शिकवू नकोस."

"लोक निदान बाटली देऊन गप्प बसायचे. तुझ्यासारखा वाद नव्हते घालत."

तो हसला. "अगं, नव्या उजेडाची सवय हळूहळूच लावावी लागते, मला काय कळत नाही? आधी अगदी मंद ठेवला. मग जुन्या दिव्याइतका दिसेपर्यंत थोडा थोडा वाढवत नेला. निळा तर अजून जेमतेम आहे. आणि यांना खरा लागतो तो निळाच. समुद्रात खोलवर तोच पोचतो." असं म्हणत त्याने टाकीखालच्या कपाटाचं दार उघडलं. आत दोन गोल बटणं होती, एक पांढऱ्या उजेडाचं आणि एक निळ्या. त्याचा हात सवयीने निळ्याकडे गेला.

ताईने त्याचं मनगट धरलं.

समोरची भिंत निळी दिसत होती. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही तर जांभळट चमकत होती. सकाळी या घरात आल्यापासून तिचे डोळे चुरचुरत होते. याला असंच आवडत असेल, असं समजून ती बोलली नव्हती.

"बाजूला हो जरा," ती म्हणाली. "टाकीकडे बघ. माझ्याकडे नको."

"परीक्षा घेतेस की काय?"

"हो."

ती गुडघ्यावर हात टेकून खाली बसली आणि तिने निळं बटण पार बंद केलं. भिंत पुन्हा भिंतीच्या रंगाची झाली.

"काय बदललं?"

"काय बदलायचंय?"

तिने तेच बटण शेवटपर्यंत फिरवलं. तिला स्वतःच्या डोळ्यांवर हात धरावा लागला.

"आणि आता?"

"अगं, आधी फिरव तरी!"

पाण्याचा पंप घुरघुरत होता. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "फिरवलंस?"

"दोनदा."

"कुठलं?"

"निळं."

तो पुढे आला. दिव्याखाली हात धरून त्याने पंजा उलटासुलटा करून पाहिला. मग काचेला डोळा लावून पांढऱ्या फांद्यांकडे बघत राहिला.

"दिसत नव्हता म्हणून वाढवत गेलो," तो म्हणाला.

"मोतीबिंदू पिवळ्या काचेसारखा असतो. निळा उजेड आधी अडतो त्यात. तुला पोचत नव्हता, त्यांना सगळा पोचत होता."

"मेले?"

"सावलीतले धड आहेत. वरचे अजून मेलेले नाहीत. उजेड कमी केला तर काहींचा रंग परत येईल."

"काहींचा."

"काहींचा."

तो खुर्चीत बसला. खिडकीजवळच्या टेबलावर कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून ठेवलेलं होतं. त्याच्यावर वाटी पालथी घातली होती, धूळ बसू नये म्हणून.

"ताई, एकच डोळा उरलाय गं. हा गेला तर बदली नाही."

"माहीत आहे मला."

"काही होणार नाही म्हण ना."

ताई उठून त्याच्याजवळ आली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झाले होते.

"मागच्या वेळी मी तसं म्हणाले होते," ती म्हणाली. "आता नाही म्हणणार. बहुतेकांचं नीट होतं, एवढं मला नक्की ठाऊक आहे. तुझं काय होईल ते नाही ठाऊक. पण मोतीबिंदू नाही काढला तर काय होईल, ते माहीत आहे."

धाकट्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

"निळा तू लाव," तो म्हणाला. "मला विचारत बसू नकोस."

ती पुन्हा खाली बसली आणि बटण मागे मागे नेत गेली. खोलीतली निळाई उतरली. दगडाच्या कपारीतून एक छोटा मासा बाहेर आला आणि पांढऱ्या फांदीपाशी थांबला. धाकटा त्या दिशेला बघत होता. त्याला मासा दिसत होता की नुसती हालचाल, कोण जाणे.

"ताई."

"काय रे?"

"डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव. म्हणावं, या आठवड्यात मोतीबिंदू काढून घ्यायचाय."